मधाचं बोट

ऊर्मीच्या लेकीला दूध प्यायला शिकवायचं होतं. आता दूध पिणं ही काय शिकवायची गोष्ट आहे, असं ज्याला वाटत असेल त्याने एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं मूल पाहिलेलं नाही. त्या तेराशे ग्रॅमच्या जिवाला ओढायचं कसं, गिळायचं कसं आणि या दोन्हींच्या मध्ये श्वास कधी घ्यायचा, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ओढायला गेली की गिळायचं विसरायची, गिळलं की श्वास घ्यायचं विसरायची. म्हणून तीन आठवडे नाकातल्या नळीतून दूध थेट तिच्या पोटात जात होतं आणि तोंड नुसतंच शोभेला होतं.

ऊर्मी मूळची सांगलीची, लग्न करून तमिळ मुलखात आलेली. राग तिच्या नाकावर आधीपासूनच असायचा, पण या तीन आठवड्यांत तो नाकावरून उतरून सगळ्या अंगात पसरला होता. ‘असं होतं कधीकधी’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा तिला राग होता. आठ महिनेसुद्धा मूल सांभाळता न आलेल्या स्वतःच्या शरीराचा राग होता. आणि सगळ्यांत जास्त राग होता तो सासूचा. विशालाक्षी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की आमची सून सातव्या महिन्यापर्यंत तिरुवल्लिकेणीहून पेरुंगुडीला कंपनीच्या बसनं जात होती, त्या खणून ठेवलेल्या रस्त्यावरून, रोज. पुढचं ती बोलायची नाही, नुसता सुस्कारा टाकायची. त्या सुस्काऱ्यावर ऊर्मीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

विशालाक्षीचं घराणं तंजावरचं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी उतरले ते तिथलेच झाले, आणि त्यांची मराठीही तिथेच थांबली. ती बोलायला लागली की जुना दस्तऐवज कुणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटे. मुलगा कौशिक बँकेत होता. घरात तो आईशी तिच्या मराठीत बोलायचा, बायकोशी अर्ध्या इंग्रजीत, आणि दोघींचं एकमेकींशी वाजलं की कुठल्याच भाषेत बोलायचा नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्याने गिळलेले मूग मोजले तर एक पोतं भरलं असतं.

इस्पितळातल्या त्या काचेच्या खोलीत ऊर्मीला एकच माणूस धड वाटत होतं, ते म्हणजे सिस्टर पुष्पम. पन्नाशीची, जाड चष्म्याची, बोलायला तुटक. नवजात मुलांच्या या अतिदक्षता विभागात तिची बावीस वर्षं गेली होती. चौतिसावा आठवडा लागला तेव्हा तिने पालाडै आणली. पालाडै म्हणजे आपलं बोंडलंच, चोच असलेली छोटीशी स्टीलची वाटी. ऊर्मीला वाटलं, ओतायचं आणि झालं. पुष्पमने तिचा हात धरून ठेवला. दूध ओतायचं नाही. चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि थांबायचं. ती जीभ बाहेर काढील, थेंब घेईल, गिळील. मग पुन्हा थांबायचं. श्वास घेऊ दे. तिने मागितल्याशिवाय दुसरा थेंब नाही. पुष्पम हे सगळं तमिळमध्ये सांगायची आणि ऊर्मीच्या बसमध्ये शिकलेल्या तमिळला ते पुरायचं.

थांबणं हे ऊर्मीच्या स्वभावात नव्हतं. पण ती शिकली. पहिल्या दिवशी चार मिली गेलं, त्याला पंचवीस मिनिटं लागली. पाचव्या दिवशी अठरा मिली. बाकीचं नळीतून. एक गोष्ट मात्र पुष्पमला खटकायची. मूल भुकेसाठी रडत नव्हतं. दोन तास झाले की उठवायचं, पाजायचं, ते निमूट प्यायचं आणि झोपायचं. मांजराच्या पिलाएवढासुद्धा आवाज करायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळं दूध तोंडाने जायला लागलं आणि दोन दिवस वजन वाढत राहिलं की नळी काढू आणि घरी सोडू. सोमवारी बघू, म्हणाले. ऊर्मीने सोमवार हा शब्द असा धरून ठेवला की झोपेतसुद्धा सोडला नाही.

घरी मात्र विशालाक्षीचा वेगळाच वार चालला होता. तिचा पुतण्या उपेंद्र अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी आला होता आणि शनिवारी संध्याकाळी परत जाणार होता. त्याच्या हातून पाप्पाला, म्हणजे बाळाला, सेनै द्यायची राहिली होती.

सेनै ही तिकडची रीत. मूल जन्मलं की घरातल्या कर्तबगार माणसाने बोटाने मध किंवा साखरपाणी त्याच्या जिभेला लावायचं. ज्याचं बोट, त्याचे गुण. ऊर्मीला यात परकं काही वाटलं नाही. सांगलीलाही सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात. आणि उपेंद्र कर्तबगार होताच. पहिल्या नंबराने शिकलेला, परदेशात घर बांधलेला, भाऊबंदांत ज्याचं उदाहरण देऊन इतर पोरांचा जीव नकोसा करावा असा. पण ती म्हणाली, घरी आल्यावर, डॉक्टरांना विचारून. उपेंद्र नसेल तर दुसरं कुणी देईल. विशालाक्षीने मान हलवली. तिची ती मान होकाराची असते की नकाराची, हे ऊर्मीला चार वर्षांत कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराचं दूध पुष्पमने पाजलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मिली तोंडाने गेलं. पहिल्यांदाच. पुष्पमने काचेतून ऊर्मीला बोटांनी आकडा दाखवला, आणि ऊर्मी हसतच शेजारच्या खोलीत पुढच्या वेळेचं दूध काढायला गेली. यंत्र लावून बसून दहा मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात पलीकडून घंटी वाजायला लागली. असल्या घंट्या तिथे दिवसभर वाजत. पण ही थांबली नाही. मग पावलं धावल्याचे आवाज आले.

ती पोचली तेव्हा तिची लेक निळी पडली होती. सांगायला दुसरा शब्द नाही. ओठ निळे, नखं निळी, पाय लुळे. डॉक्टर तोंडातून नळीने काहीतरी ओढून काढत होते, पुष्पम पाठ चोळत होती, आणि यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा चाळिशीत अडकला होता. तो वर यायला किती वेळ लागला हे ऊर्मीला नंतर कधीच सांगता आलं नाही.

आकडा नव्वदला पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं दूध कुणी पाजलं? पुष्पम म्हणाली, मी.

तेवढं पुरलं. ऊर्मीचा बांध फुटला. तिने त्या खोलीत, सगळ्या सिस्टर, सगळ्या आया, काचेपलीकडची दोन कुटुंबं यांच्यादेखत पुष्पमला नाही नाही ते ऐकवलं. मला थांबायला शिकवता आणि स्वतः ओतता. पूर्ण आकडा तक्त्यावर लिहायची घाई झाली होती ना? तमिळ संपलं तेव्हा ती इंग्रजीत बोलली, इंग्रजी संपलं तेव्हा मराठीत. पुष्पमने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोठ्या डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी तिथून हलवून खालच्या वॉर्डात पाठवलं. आणि कौशिक, जो या सगळ्या वेळात दाराशी उभा होता, त्याने ऊर्मीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, शांत हो.

तोंडाने दूध बंद. नळी पुन्हा. फुप्फुसात दूध गेलं असेल म्हणून सात दिवस औषधं. सोमवार गेला तो गेलाच.

दुपारी दोनच्या सुमाराला ऊर्मीला लेकीला हात लावू दिला. तिने कापसाने तिची हनुवटी पुसली, मग मान. मानेच्या घडीत काहीतरी चिकट लागलं. दूध वाळलं तर खरबरीत होतं, असं चिकटत नाही. तिने बोटाला बोट लावून पाहिलं, तार आली. मग तिने ते बोट स्वतःच्या जिभेला लावलं.

मध होता.

साडेअकरा ते पावणेबारा ही बापांची भेटायची वेळ, हे तिला आठवलं. मग दारावरच्या आयाबाईला तिने विचारलं, साडेअकराला माझ्या नवऱ्याबरोबर आणखी कुणी होतं का? आयाबाईने भोळेपणाने सांगितलं, हो की, अमेरिकेचे डॉक्टर होते ना, तुमच्या नात्यातले. उपेंद्र डॉक्टर होता हे खोटं नव्हतं. त्याने प्लॅस्टिकवर प्रबंध लिहिला होता.

कौशिक आणि विशालाक्षी बाहेर खुर्च्यांवर बसले होते. ऊर्मी समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाली, “आत काय दिलंत तिला?”

“काही नाही,” कौशिक म्हणाला. “जस्ट टच केलं.”

“कशाने?”

कौशिकने आईकडे पाहिलं. पस्तिशीचा माणूस, बँकेत हाताखाली नऊ जण, आणि बायकोने प्रश्न विचारला की आईकडे बघतो. विशालाक्षीने पदर सावरला.

“शिशी मीच दिल्ही होती. एक थेंब मध. आम्हीं काय विष दिल्हें काय? तुझे नवऱ्यासही असेंच दिल्हें होतें. काय झालें त्यास?”

“काय झालं ते दिसतंच आहे, अम्मा. तोंड उघडता येत नाही त्याला.”

मग ते तोंड उघडलं. थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. पुष्पम पलीकडच्या बाळापाशी होती. उपेंद्रने बोट बुडवून लावलं. पाप्पाने ते बोट असं काही ओढलं की उपेंद्र हसला, म्हणाला, ताकदवान आहे. म्हणून पुन्हा बुडवलं. तिसऱ्यांदा बोट कशाला, म्हणून शिशीच थोडी कलती केली. आणि घंटी वाजल्यावर दोघं बाजूला झाले. उपेंद्र हळहळला, घड्याळ पाहिलं आणि सामान बांधायला गेला.

ऊर्मीला हे ऐकताना जे वाटलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. तीन आठवडे ती वाट बघत होती की पोरगी आपणहून ओढील. तिने ओढलं होतं, पोट भरल्यावरसुद्धा आणखी मागत होती. आणि तो क्षण त्या प्लॅस्टिकवाल्याच्या बोटाला मिळाला होता. त्याच्या बदल्यात पोरीला काय मिळालं, तर घसा बंद.

“आणि मी त्या बाईला बोलत होते तेव्हा तू तिथे उभा होतास,” ती कौशिकला म्हणाली. “तुला माहीत होतं.”

तो म्हणाला, त्या वेळी सांगितलं असतं तर आणखी गोंधळ झाला असता. अम्माला वाईट वाटलं असतं. नंतर सांगणारच होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना दोर धरून उभा राहिलेला माणूस म्हणतो, नंतर सांगणार होतो. ऊर्मीने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि म्हणाली, सांग. तो सांगेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग मायलेकांना विभागात यायची बंदी केली आणि कौशिकला असं काही सुनावलं की त्याचे कान सांजेपर्यंत लाल होते. विशालाक्षी घरी जाऊन जेवली नाही. ऊर्मीला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल जाऊन तिची समजूत घालावी.

पुष्पमकडे जायला तिला दोन दिवस लागले. खालच्या वॉर्डात ती चादरी घडी घालत होती. ऊर्मीने हात जोडले, सगळं सांगितलं, चूक झाली म्हणाली. पुष्पमने उरलेल्या तीन चादरींच्या घड्या पुऱ्या केल्या. तिच्या रागाला आवाज नव्हता, म्हणून तो सोसायला जास्त कठीण होता.

“बोललात ते सगळ्यांसमोर,” ती म्हणाली. “माफी इथे कोपऱ्यात मागताय.”

ऊर्मीचा चेहरा उतरला. तिला स्वतःची इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. ज्या गोष्टीसाठी ती नवऱ्याचं तोंड बघायला तयार नव्हती, तीच ती करायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळी, जेव्हा दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर हजर असतात, ती विभागाच्या मधोमध उभी राहिली आणि मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, सिस्टर पुष्पम यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, चूक माझ्या घरच्यांनी केली, आणि न विचारता मी त्यांना बोलले. क्रियापदं चुकली. कुणी हसलं नाही. पुष्पम तिथे नव्हती, पण इस्पितळात बातमी लिफ्टच्या आधी पोचते. बुधवारी ती वर परत आली. ऊर्मीशी ती कामापुरतंच बोलायची, आणि ऊर्मीने त्याबद्दल मनातसुद्धा तक्रार केली नाही.

आठव्या दिवशी पालाडै पुन्हा आली. आणि तेव्हा कळलं, उपेंद्रचं बोट काय करून गेलं ते. चोच ओठाला लागायच्या आधीच मुलीने मान फिरवली. दुसऱ्या बाजूने नेली, तिने तिकडूनही फिरवली. ओठ इतके घट्ट मिटले की पांढरे पडले, आणि मुठी आवळून तिने अंग ताठ केलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने तर पिण्याचंच नाव टाकलं होतं. तोंडाशी काही आलं की जीव घाबरा होतो, एवढं एकच शिक्षण तिचं पक्कं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एक तरुण डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळी ठेवूनच घरी न्यावं लागेल. महिने लागतात कधीकधी. काही मुलं पुढेही नीट खात नाहीत.

ऊर्मीला कुणाला तरी धरून बडवावंसं वाटत होतं. पण समोर कुणी नव्हतं. दीड किलोच्या मुलीवर रागावता येत नाही, आणि रागाने मिटलेलं तोंड उघडत नाही. चौथ्या दिवशीही पोरीने मान फिरवली तेव्हा पुष्पमने वाटी ऊर्मीच्या हातातून काढून घेतली आणि धुवायला टाकली.

पालाडै बंद, ती म्हणाली. आधी यंत्राने सगळं दूध काढून घ्या, अगदी रिकाम्या व्हा. मग तिला उघड्या छातीवर ठेवा. पाजायचं नाही, तोंड लावायचं नाही, काही मागायचं नाही. नुसतं राहू दे. दूध तिला नळीतून मिळतंय. तोंडाशी येऊनही काही वाईट होत नाही, हे तिचं तिला कळू दे.

रिकाम्या छातीवर मूल ठेवून बसायचं, याहून मोठी शिक्षा कुठल्या बाईला द्यायची? ऊर्मी बसली. पहिल्या दिवशी पोरगी नुसती झोपली. दुसऱ्या दिवशी जागी राहिली आणि नाक हलवत राहिली. कौशिक रोज ठरल्या वेळी काचेपलीकडे येऊन उभा राहायचा. बंदी त्याने मोडली नाही. ऊर्मीने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्या दिवशी दाराशी नुसतं उभं राहिल्याबद्दल तरी ती त्याला माफ करणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोरीने जीभ बाहेर काढली आणि चाटलं. ऊर्मी हलली नाही. पुन्हा चाटलं. मग डोकं लडबडत पुढे आलं, तोंड उघडलं, आणि तिने धरलं. स्वतः धरलं, कुणीही लावलं नव्हतं. एकदा ओढलं, दोनदा, तीनदा. थांबली. श्वास घेतला. छाती वरखाली झालेली ऊर्मीला आपल्या कातडीवर कळली. पुन्हा तीनदा ओढलं. पुष्पम येऊन बाजूला उभी राहिली होती. यंत्रावरचा आकडा शहाण्णवच्या खाली आला नाही.

दहाबारा वेळा ओढून झालं, आणि हातात काही पडत नाही हे पोरीच्या ध्यानात आलं. ती सुटली. तिच्या कपाळावर आठी पडली, चेहरा आक्रसला, लाल झाला, आणि जवळजवळ सहा आठवड्यांत जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता तिने असा टाहो फोडला की पलीकडच्या टोकाची सिस्टर वळून बघायला लागली. ते रडणं दुखण्याचं नव्हतं की भीतीचंही नव्हतं. शुद्ध संताप होता. इतकी मेहनत करायला लावली आणि आत काहीच नाही?

“कोपम्,” पुष्पम म्हणाली. राग आला तिला. आणि मग पंधरवड्यात पहिल्यांदाच ती ऊर्मीकडे बघून हसली. “आता ही जाईल घरी.”

ती दूध आणायला वळली. ऊर्मीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पोरगी तिच्या छातीवर मुठी आपटत ओरडत होती. काचेपलीकडे आवाज जात नसे. कौशिकला दिसलं ते लालभडक तोंड, उघडा जबडा आणि रडणारी बायको. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो दोन्ही हात काचेवर ठेवून विचारत होता, काय झालं, काय झालं? ऊर्मीने त्याच्याकडे पाहिलं. एका खुणेने त्याला सांगता आलं असतं. तिने खूण केली नाही. तिच्या लेकीला भूक लागली होती आणि पुष्पमने पालाडै पुढे केली होती. पोरीने त्या वाटीसमोरही तोंड उघडंच ठेवलं.